जुन्या सात कांड्या

फ्लॉसी तुस्कानोने धुतलेली काच उजेडात धरली, तर तिथे काच आहे की नाही हे हाताला लागल्याशिवाय कळत नसे. ही बढाई नव्हे. वसई पूर्वेला, वालीवच्या गाळ्यांमध्ये, प्रल्हाद सरांची रसायनांची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे सव्वीस वर्षांत कितीतरी पीएचडीवाले आले नि गेले, एकमेकांच्या कामाला नावं ठेवून गेले, पण फ्लॉसीच्या धुण्याला नाव ठेवणारा एकही निपजला नाही. आधी साबण, मग सोडा, मग सौम्य तेजाब, मग तीन पाणी, मग ॲसिटोन, मग भट्टी. यातली एखादी पायरी कुणी गाळली तर ती बोलायची नाही; ते भांडं उचलून मुकाट्याने पहिल्यापासून धुवायला घ्यायची. गाळणारा आपोआप खजील व्हायचा.

तिचा जन्म उमेळ्याचा आणि लग्नही उमेळ्यातच, वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला. शाळा आठवीपर्यंत. बापाची केळीची वाडी होती, पानवेलीचे मांडव होते. आता तिथे चार इमारती आहेत, आणि ज्या विहिरीवर तिने पाणी ओढलं त्या जागी कुणाची तरी मोटार उभी असते. त्याबद्दल ती उसासे टाकत बसत नाही, तेवढा वेळ तिच्याकडे नाही. नवरा सिप्रियन सुतार, हाताचा कसबी, पण ब्लडप्रेशरने बेजार. मुलगा केनी, सून ॲनिशा. घरात भांडण झालंच तर एकाच गोष्टीवरून होतं: फ्लॉसी काही टाकू देत नाही. रिकाम्या बाटल्या, विरलेल्या चादरी, कान तुटलेले कप, सगळं जागच्या जागी. चालते ती वस्तू टाकायची नाही असं तिच्या आईने शिकवलं होतं, आणि लेकीने ते दहा आज्ञांच्या खाली अकरावी आज्ञा म्हणून लिहून घेतलं होतं.

या अकराव्या आज्ञेनेच पुढे घोळ केला.

त्याचं असं झालं. औषधांच्या, रंगांच्या पोटात बेन्झीनच्या सहाकोनी कड्या असतात. अशा दोन कड्या एकमेकींना जोडायच्या तर पॅलेडियमसारखा धातू लागतो. तो स्वतः त्यात अडकत नाही, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा सोयरीक लावून बाजूला होतो. पण मध्यस्थ जसा जेवण झाल्यावरही मांडवात रेंगाळतो, तसे या धातूचे कण औषधात मागे उरतात, आणि ते काढता काढता कारखान्यांच्या नाकी नऊ येतात. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हेच काम चाले. तीन वर्षांपूर्वी सरांनी ठरवलं, यापुढे धातूला हात लावायचा नाही. मध्यस्थ म्हणून साधा सेंद्रिय रेणू घ्यायचा आणि कड्या जोडून दाखवायच्या. त्याच दिवशी त्यांनी फ्लॉसीला बोलावलं.

"फ्लॉसीबाई, धातूला लागलेली सगळी जुनी काच, चमचे, कांड्या भंगारात. एक वस्तू मागे राहता कामा नये."

काच तिने दिली. चमचे दिले. कांड्यांपाशी मात्र हात अडला.

कांडी म्हणजे बोटाच्या पेराएवढा पांढरा तुकडा. आत लोहचुंबक, वरून टेफ्लॉनचं आवरण. चंबूत टाकायची आणि चंबूखालचं यंत्र चालू करायचं, की ती आतल्या आत गरगर फिरून मिश्रण ढवळते. जुन्या सात कांड्या अशा फिरायच्या की बघत राहावं. अंगावर फक्त करडा डाग होता. फ्लॉसीने त्या तेजाबात घातल्या, सोड्यात घातल्या, घासून घासून स्वतःची बोटं सोलून घेतली. डाग काही हलला नाही. डागाने कुणाचं काय बिघडतं, असं म्हणून तिने त्या बिस्किटांच्या डब्यात घातल्या आणि डबा कपाटात मागे सारला.

मग स्वप्ना आली. वसई रोडला आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये राहणारी, सत्तावीस वर्षांची, सडपातळ, भराभर बोलणारी मुलगी. धातूशिवाय कड्या जोडायचं काम सरांनी तिच्यावर सोपवलं. तिची पीएचडीही त्यावरच होती. आजवरच्या लोकांनी फ्लॉसीला "मावशी, हे धुवा" एवढंच सांगितलं होतं. स्वप्नाने तिला स्टुलावर बसवून, कागदावर षट्‌कोन काढून सांगितलं, आपण नेमकं काय करतोय ते.

"काकांच्या प्रेशरच्या गोळीतसुद्धा अशाच दोन कड्या असतात, मावशी. ती गोळी उद्या आपल्या पद्धतीने बनली तर तिच्यात धातूचा एक कणही नसेल."

त्या दिवसापासून फ्लॉसीने या पोरीला मनातून आपली मानली. रोज डब्यात तिच्यासाठी एक जास्तीची भाकरी यायला लागली.

पहिलं वर्ष नुसती ठेच. स्वप्नाच्या वहीत पानामागून पान जुळलेल्या कड्यांचा एकच आकडा: शंभरातले तीन. कधी दोन, कधी साडेतीन, पण त्यावर गाडी जाईना. त्यात सरांनी घेतलेल्या नव्या कांड्या हलक्या. मिश्रण जरा घट्ट झालं की अडखळायच्या. एका सोमवारी स्वप्ना रडकुंडीला आली. "मावशी, ही परत थांबली. माझं नशीबच थांबलंय."

फ्लॉसीला ते बघवलं नाही. ती कपाटाकडे गेली, डबा उघडला, एक जुनी कांडी ॲसिटोनने पुसली आणि काही न बोलता स्वप्नाच्या हातावर ठेवली. स्वप्नाने वर पाहिलंसुद्धा नाही. त्याच दिवशी ती मध्यस्थ म्हणून एक नवा रेणू घालून बघत होती, लक्ष सगळं तिकडे. संध्याकाळी यंत्राने आकडा दिला: एक्याऐंशी.

त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. सगळ्यांनी नव्या रेणूचं कौतुक केलं. फ्लॉसीने पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, नीट ढवळलं तर कालवणसुद्धा जमतं, मग हे का नाही जमणार. त्यानंतर तिने स्वप्नाला त्या सात कांड्यांवाचून दुसरी कांडी दिली नाही. रोज संध्याकाळी धुवायची, सात मोजायची, डबा बंद करायची. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सरांची आज्ञा मोडल्याची बोच होती. ती तिने पोरीच्या आनंदाखाली झाकून ठेवली. दोन वर्षं अशी गेली; त्या आकड्यांवर स्वप्नाचा पेपरही छापून आला.

आणि मग पुण्याच्या एका औषध कंपनीचा परेश नावाचा रसायनतज्ज्ञ आला. कंपनीला ही पद्धत हवी होती. त्याने आपल्याकडे करून पाहिली होती, जमली नव्हती. तेव्हा मंगळवारी तो सामान घेऊन वसईला आला आणि स्वप्नासमोर स्वतः प्रयोग लावला. चंबू त्याचा, रसायनं त्याची, कांडी पाकिटातली. दुपारी आकडा आला: तीन.

फ्लॉसी मोरीशी होती. नळ बंद केल्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

"इथे एक्याऐंशी आणि यांच्याकडे तीन, हे कसं?" सरांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून जास्त भीती वाटत होती.

"माहीत नाही, सर."

"तू आणखी काही घालतेस का?"

"नाही, सर."

परेश सभ्य माणूस. तो म्हणाला, "मॅडम, आपण असं करू. शुक्रवारी तुम्ही तुमच्या हाताने करा. काच तुमची, सगळं तुमचं. मी नुसता शेजारी उभा राहीन."

"आणि शुक्रवारी झालं नाही," सर म्हणाले, "तर हे आकडे बनावट आहेत असं मला विद्यापीठाला लेखी कळवावं लागेल. पीएचडीचं सोड, स्वप्ना. पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत तुला कोणी उभं करणार नाही."

स्वप्ना मोरीवर आली आणि स्वच्छ असलेले हात पुन्हा पुन्हा धुवायला लागली. "मावशी, तुम्ही रोज बघता ना? मी काही घालते का?"

"नाय गो बाय," फ्लॉसी म्हणाली. "देवाशपथ सांगेन मी."

गुरुवारी सिप्रियनचं पोट बिघडलं होतं. ॲनिशाने त्याच्यासाठी पेज केली. दुसरी भांडी अडकलेली, म्हणून तिने चुलीवरचं जुनं मातीचं मडकं घेतलं. ते मडकं मासळीचं. वीस वर्षं त्यात चिंच घातलेलं बांगड्याचं कालवण शिजत आलेलं, आणि दुसरं काही शिजवायचं नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण ॲनिशा लग्न होऊन आली त्याला आठ महिनेच झाले होते.

सिप्रियनने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "पेजेत बांगडा कोनी घातला?"

"पप्पा, नुसते तांदूळ आणि मीठ," ॲनिशा गोंधळून म्हणाली. "मडकं स्वच्छ आहे. सकाळी मम्मीने स्वतः घासलंय."

फ्लॉसी हसली. "अगो, घासून काय होतंय? माती आत धरून ठेवते. वरून कितीबी घास, नुसतं पानी उकळलं तरी बांगडा..."

ती मध्येच थांबली. हातातला पळा तसाच राहिला.

करडा डाग. तेजाबाने न गेलेला, सोड्याने न गेलेला. वरून कितीही धुवा. तिला तो सोमवार आठवला, स्वप्नाच्या हातावर ठेवलेली पहिली कांडी आठवली, आणि संध्याकाळचे पेढे. आदल्या दिवसापर्यंत तीन होते. त्या दिवशी एक्याऐंशी झाले. नवा रेणू होता, हे खरं. पण नवी कांडीही होती, म्हणजे जुनी. आणि परेशच्या चंबूत नेमकी तीच नव्हती.

"काय झालं गो?" सिप्रियनने विचारलं.

"काय नाय." तिने पेज ओतून दिली आणि दुसऱ्या भांड्यात तांदूळ लावले.  मंगळवारी तिने देवाची शपथ घेतली होती, की पोर काही घालत नाही. पोर घालत नव्हतीच. घालत होती ती स्वतः, रोज, मायेने.

मग दुसरा विचार आला, आणि तो जास्त वाईट होता. उद्या काच स्वप्नाची, सामान स्वप्नाचं. परेश फक्त स्वप्नाच्या हातांवर नजर ठेवणार. फ्लॉसीने काहीच करायचं नव्हतं. नेहमीसारखी कांडी द्यायची. संध्याकाळी एक्याऐंशी येतील, पोरीचं नाव निष्कलंक राहील, डिग्री हातात पडेल, आणि फ्लॉसी स्वतः पुढच्या महिन्यात निवृत्त होईल. गप्प बसणं तिला चांगलं जमायचं. दोन वर्षं जमलंच होतं की.

जेवण झाल्यावर सिप्रियनने पाकिटातून प्रेशरची गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. फ्लॉसी त्या गोळीच्या पाकिटाकडे बघत राहिली. कारखान्यात ही कांडी नसते, मोठी पिंपं असतात. तिथे परत तीनच येतील, आणि बोट दाखवायला स्वप्नाच सापडेल, तेव्हा तर साऱ्या देशासमोर. किंवा कुणीतरी असंच जुनं भांडं वापरेल, आणि धातू नाहीच म्हटल्यावर गोळीत तो शोधणार कोण?

पण खरं सांगायचं तर तिला सर्वांत जड जात होती ती गोष्ट निराळीच होती. उद्या तिला चार लोकांत म्हणावं लागणार होतं, की माझं धुणं स्वच्छ नव्हतं.

शुक्रवारी नऊ वाजता सगळे टेबलाभोवती होते. सर हाताची घडी घालून. परेश स्वप्नाच्या डाव्या बाजूला, वही उघडून. स्वप्नाने रसायनं वजन करून चंबूत घातली, एकेक डबी परेशपुढे धरून, मग बंद करून. तिच्या ओठांना रंग नव्हता. फ्लॉसी मागे उभी होती, एप्रनच्या खिशात बिस्किटांचा डबा. तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. धुणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

स्वप्नाने मान न वळवता हात मागे केला. "मावशी, कांडी."

फ्लॉसीचा हात खिशात गेला. डबा गार लागत होता. द्यायची होती फक्त. नेहमीसारखी.

"मावशी?"

फ्लॉसी पुढे आली आणि डबा टेबलावर ठेवला. झाकण उघडताना तिच्या हातून ते खाली पडलं, आणि त्या आवाजाने सगळेच दचकले.

"सर, या तुमी टाकायला सांगितल्या होत्या. मी टाकल्या नाय." ती सरांकडे बघत होती, स्वप्नाकडे बघायचं धाडस नव्हतं. "जुन्या कामाच्या हायेत. पॅलेडियमच्या. नवीन कांड्या अडखळत होत्या, म्हनून दोन वरसं या पोरीला याच देते. तिला ठावकी नाय. कितीबी धुतलं तरी डाग जात नाय. मासळीच्या मडक्यागत आहे ते. पेज केली तरी बांगडा लागतो."

 आधी परेशला कळलं. त्याने चिमट्याने एक कांडी उचलली, खिडकीपाशी नेली आणि डागावर भिंग धरलं. टेफ्लॉनला बारीक चिरा होत्या. चिरांमध्ये काळं होतं.

सरांचा चेहरा लाल झाला होता. "फ्लॉसीबाई, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं."

"हो."

"सोमवारपासून येऊ नका."

"बरं," फ्लॉसी म्हणाली. आणि मग, "पन आज दोन्ही लावा. एका चंबूत ही, एकात पाकिटातली. म्हंजे पोरीवर आळ राहनार नाय."

स्वप्ना आता पहिल्यांदा तिच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग होता, सरळ, उघडा राग, आणि तो फ्लॉसीला लागला. "मावशी, माझं सगळं काम जाईल यात. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

स्वप्ना टेबलाकडे वळली. मग तिने दुसरा चंबू उचलला, आणि तीच रसायनं तेवढ्याच वजनाने पुन्हा घातली. डावीकडे जुनी कांडी, उजवीकडे नवी. दोन्ही खालून तापायला लागले, दोन्ही कांड्या फिरायला लागल्या. उजवी जरा अडखळत होती.

सहा तास. जेवणाचे डबे कुणी उघडले नाहीत. परेश वहीत काहीतरी लिहीत होता, सर खोलीत जाऊन परत येत होते. स्वप्ना स्टुलावर, फ्लॉसीकडे पाठ करून. फ्लॉसीने मोरीतली सकाळची काच धुवायला घेतली. साबण, सोडा, तेजाब, तीन पाणी. शेवटचा दिवस म्हणून एकही पायरी गाळावी असं तिला वाटलं नाही. मात्र प्रत्येक भांडं उजेडात धरल्यावर आज प्रथमच तिला प्रश्न पडत होता, की दिसत नाही म्हणजे नाहीच का?

तीन वाजून गेल्यावर स्वप्नाने दोन्ही चंबूंतला एकेक थेंब छोट्या पट्ट्यांवर लावला. जोडलेल्या कड्या असल्या, तर जांभळ्या दिव्याखाली पट्टीवर ठिपका दिसतो. तिने डावी पट्टी दिव्याखाली धरली. ठिपका असा ठसठशीत होता की तो फ्लॉसीला मोरीपासूनही दिसला.

उजवी पट्टी धरली. काही नाही.

"कांडीच करत होती सगळं," स्वप्ना म्हणाली. "माझा रेणू काहीच करत नव्हता." तिचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर बरं, असं फ्लॉसीला वाटलं.

परेशने वही मिटली. "मॅडम, तुम्ही खोटं केलं नाहीत, हे मी लिहून देतो. पण पद्धत म्हणून..."

"थांबा." स्वप्नाने उजवी पट्टी परत दिव्याखाली नेली, अगदी डोळ्याजवळ. बराच वेळ ती हलली नाही. मग तिने पेन्सिल घेतली आणि पट्टीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक छोटा गोल काढला. "हे बघा."

परेश वाकला. सर वाकले. गोलाच्या आत अगदी पुसट, असल्यासारखं नसल्यासारखं, काहीतरी होतं.

"तीन टक्के असेल, फार तर," परेश म्हणाला. "एवढं कोणी मोजत नाही."

"मी मोजते. पहिल्या वर्षीच्या वह्या काढा, पानोपान हेच आहे. तेव्हा कांड्या नव्याच होत्या. हे तीन माझे आहेत."

"तेही कुठून तरी आलेल्या धातूचे नसतील कशावरून?" सरांनी विचारलं.

"तेच शोधायचं आता. पहिल्यापासून." स्वप्नाने दिवा बंद केला. "पेपर मी आजच मागे घेते, सर. का घेतला तेही मीच लिहीन."

मग ती मोरीकडे वळली. फ्लॉसीने हात पुसले आणि जे काही ऐकावं लागेल त्यासाठी उभी राहिली.

"सोमवारी किती वाजता येता, मावशी?"

"सरांनी नको सांगितलंय, बाय."

"सर, या खोलीतली कुठली वस्तू कशाला लागलेली आहे, हे एकट्या यांना माहीत आहे," स्वप्ना सरांकडे न बघताच म्हणाली. राग तिच्या आवाजातून गेला नव्हता. "मागच्या दोन वर्षांत कधीतरी तोंड उघडलं असतंत तर बरं झालं असतं, मावशी. पण उघडलंत ते आज उघडलंत, जेव्हा गप्प बसणं सोपं होतं. दुसऱ्या कुणाने दिलेली काच मी कशाच्या भरवशावर घेऊ?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. परेशने जुन्या सात कांड्या एका पिशवीत भरल्या आणि पिशवीवर तारीख घातली.

स्वप्नाने तिसरा चंबू टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला. "एक नवी कांडी द्या. पाकिटातून सरळ. धुऊ नका."

फ्लॉसीने पाकीट फाडलं. नळ शेजारीच होता, हात सवयीने तिकडे गेलाही, पण तिने तो मागे घेतला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने न धुतलेली वस्तू कुणाच्या हातावर ठेवली.